भरतीची वाट : बाळकुम ते कल्याण

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें नोकरीनिमित्त राहणारा माझा एक पुतण्या आहे. गेल्या वर्षीं त्याचें एक लांबलचक पत्र आलें. सुटीच्या एका दिवशीं त्यानें आपल्या एका स्नेह्याची नौका मागून घेतली आणि सकाळपासून सायंकाळपर्यंत, बरोबर कोणीही नसतां, ती तेथील कालव्यांतून चालविली. ही नौका कशी, तर रुंदीला जेमतेम 7 फूट आणि लांबीला त्याच्या कितीतरी पट. पाण्यावर तरंगणारी एखादी चाळच म्हणाना! दिवसभरांत तो किती गेला असेल? अवघे 8 मैल. कारण वाटेंत जागोजाग जलद्वारें लागतात. नौका आंत घ्यावयाची, ओल्या शिडीनें वर चढावयाचें, मागचें दार लोटावयाचें, लोखंडी दांड्यानें पुढच्या दाराच्या झडपा उघडावयाच्या, पाणी भरून नौका वर येईपर्यंत थांबावयाचें आणि मग भल्या मोठ्या लांकडी तुळईला पाठ लावून तें दार रेटावयाचें. हें सारें एकट्यानें! पत्राच्या शेवटीं त्यानें विचारलें होतें, "काका, तुम्ही तर खाडीच्या कांठीं वाढलां. आपल्या बाळकुमच्या खाडींतून हल्लीं कोणी होडीनें लांब जातं का?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर मला देतां येईना. बाळकुम हें ठाण्याच्या ईशान्येस, खाडीच्या कांठावर वसलेलें आगरी-कोळ्यांचें जुनें गांव. आज तें शहराच्या पोटांत गेलें आहे, आणि जेथें भातखाचरें होतीं तेथें उंच इमारतींची दाटी झाली आहे. समोर काशेळी, तिच्या पलीकडे भिवंडी. पुलावरून वाहनांची रांग अहोरात्र चाललेली असते, आणि त्या रांगेंत बसून मींही ही खाडी शेंकडों वेळां ओलांडलेली आहे. परंतु तिच्यामधून मी किती वेळां गेलों? आठवूं लागलों तेव्हां लक्षांत आलें कीं, जाणतेपणीं एकदांही नाहीं. खाडी ओलांडणें आणि खाडीनें जाणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. ओलांडणाऱ्याच्या दृष्टीनें पाणी हा अडथळा असतो. जाणाऱ्याच्या दृष्टीनें तीच वाट असते. आपल्या प्रांताचा दोन हजार वर्षांचा इतिहास दुसऱ्या दृष्टीनें घडला आणि आपण मात्र तो पहिल्या दृष्टीनें वाचतों, हेंच मला आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

पुतण्याला उत्तर लिहिण्यापूर्वीं एक दिवस आपण स्वतःच जाऊन पाहावें, असें मीं ठरविलें. कोळीवाड्यांत माझा एक बाळमित्र आहे. त्याची लहान होडी मीं एका दिवसापुरती मागितली आणि एकट्यानेंच कल्याणपर्यंत जाऊन परत येण्याचा बेत सांगितला. त्यानें मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलें व म्हणाला, "अरे, कल्यानला जावाला गारी हाय न!" गाडी आहेच, आणि सारी गोष्ट तेथेंच येऊन थांबते. परंतु त्यानें होडी दिली. शिवाय दिवसही त्यानेंच ठरवून दिला, तो मार्गशीर्षांतील पौर्णिमेचा.

पौर्णिमाच कां, तें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांतील कालव्याचें पाणी स्थिर असतें. तें मनुष्यानें बांधून ठेविलेलें आहे आणि मनुष्यानें दार उघडल्याखेरीज तें चढत नाहीं कीं उतरत नाहीं. आमच्या खाडीचें दार चंद्राच्या हातीं आहे. सुमारें साडेबारा तासांच्या अंतरानें भरती येते आणि दर दिवशीं ती पाऊण तासाहून किंचित् अधिक मागें पडते. म्हणून किनाऱ्यावरील लोकांनीं एक सोपा आडाखा बसविला आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याचा अदमासें तास निघतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा. खाडींतून जों जों आंत जावें तों तों तो लांबत जातो. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाण्याला उधाण असतें, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशीं पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढतें. त्या पाण्याचा रेटा आंत कल्याणपर्यंत पोंचतो. सकाळीं भरतीबरोबर निघावें, दुपारीं कल्याणास टेकावें आणि ओहोटीबरोबर परत यावें. जातांना आणि येतांना दोन्ही वेळां पाणी आपल्या बाजूचें! शीड नको, यंत्र नको. नुसता पंचांगांतला दिवस बरोबर निवडला पाहिजे. पूर्वींच्या नावाड्यांचा सारा व्यवहार या एका ज्ञानावर उभा होता.

सकाळीं आठाच्या सुमारास मी निघालों. ओहोटी संपून पाणी नुकतेंच फिरलें होतें. कांठावर चिखल उघडा पडला होता आणि त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारीत होत्या. तिवरांच्या मुळ्यांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या माळा वाऱ्यावर हालत होत्या. त्या मात्र आमच्या लहानपणीं नव्हत्या. वल्हीं मारावयास बसलों तेव्हां प्रथम एक गंमत ध्यानांत आली. दोन वल्हीं ओढणारा मनुष्य पाठमोरा बसतो. ज्या दिशेला जावयाचें तिकडे त्याची पाठ आणि जें मागें राहिलें तें डोळ्यांसमोर. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून योग्य आसन कोणतें असणार!

काशेळीच्या पुलाखालून जातांना वरच्या वाहनांचा घरघराट कानांवर आदळतो. याच ठिकाणीं मुंबईस पाणी नेणारे अजस्र नळ खाडी ओलांडतात. तानसा तलावाचें पाणी मुंबईस 1892 पासून मिळूं लागलें. पुढें वैतरणेचें आलें. खालीं खारें पाणी भरतीनें आंत चाललेलें आणि वर गोडें पाणी नळांतून मुंबईकडे चाललेलें! या दोहोंपैकीं मुंबईकराला वरचें तेवढें ठाऊक असतें.

पुलाच्या पुढें कांहीं अंतरावर खाडीला फांटा फुटतो. श्रोतेहो, ठाण्याचा इतिहास समजून घ्यावयाचा तर ही जागा एकदां पाण्यावरून पाहावी. उल्हास नदी कल्याणाकडून येते ती येथें दुभंगते. मोठा प्रवाह बाळकुम, कोलशेत, घोडबंदर यांच्या बाजूनें वळसा घेऊन वसईपाशीं समुद्राला मिळतो. धाकटा फांटा ठाणें आणि कळवा यांच्यामधून दक्षिणेस जाऊन मुंबईच्या बंदरांत उतरतो. या दोन फांट्यांनीं वेढलेली भूमि ती साष्टी. वसईकडून आणि मुंबईकडून अशा दोन भरत्या आंत येतात आणि ठाण्याच्या परिसरांत एकमेकींना भेटतात. म्हणजे कल्याणहून समुद्राकडे जाणाऱ्या गलबताला वाटा दोनच, आणि त्या दोहोंचें नाकें ठाणें. शिलाहार राजांनीं श्रीस्थानक म्हणून याच ठिकाणाला राजधानीचें वैभव दिलें, त्याचें मर्म येथें कळतें.

पोर्तुगीजांनीं हें मर्म बरोबर ओळखलें होतें. 1534 मध्यें गुजरातच्या सुलतानाकडून वसईचा मुलूख त्यांच्या हातीं आला, त्यांतच साष्टी व ठाणें आलें, आणि मग दोनशें वर्षें या खाडीच्या दोन्ही तोंडांवर त्यांचा पहारा राहिला. मुंबई बेट 1665 मध्यें इंग्रजांच्या ताब्यांत गेलें आणि 1668 मध्यें तें ईस्ट इंडिया कंपनीला मिळालें. परंतु बेट हातीं येऊनही कंपनीच्या व्यापाऱ्यांना सुख लागेना. कारण देशावर जाणारा माल खाडीनें जावयाचा, आणि ठाण्यास व करंजास पोर्तुगीज अधिकारी जकात घ्यावयास बसलेले! मुंबईकर इंग्रजांची ही तक्रार पुढें कैक वर्षें चालू राहिली. बंदर एकाचें आणि बंदराची वाट दुसऱ्याची, असा तो मामला होता. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य 1675 मध्यें मुंबईहून जुन्नरला गेला, तो याच पाण्यानें ठाण्यावरून कल्याणास आणि तेथून पुढें घाटमार्गानें. कल्याणचे भव्य अवशेष पाहून तो थक्क झाला होता, असें त्याच्या प्रवासवर्णनावरून दिसतें.

फांट्याची जागा ओलांडून मी मुख्य पात्रांत वर निघालों तेव्हां भरती चांगली जोरांत आली होती. आतां वल्हीं ओढण्यापेक्षां होडी सरळ ठेवण्याचेंच काम अधिक. उत्तरेच्या कांठाकडे, भिवंडीच्या बाजूस, अंजूर हें गांव आहे. साष्टीच्या मोहिमेंत ज्यांचें नांव अग्रभागीं येतें ते गंगाजी नाईक अंजूरकर याच गांवचे. त्यांची व त्यांच्या बंधूंची हकीकत साष्टीच्या बखरींत आलेली आहे. पोर्तुगीजांच्या धार्मिक जुलमाला कंटाळलेल्या लोकांचीं गाऱ्हाणीं पेशव्यांच्या कानांवर घालणें, मोहिमेसाठीं माणसें जुळविणें, वाटा दाखविणें हें काम त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. 1737 च्या वसंतऋतूंत मराठ्यांची फौज खाडी उतरून साष्टींत शिरली आणि ठाण्याचा किल्ला हस्तगत झाला. त्या किल्ल्याचें बांधकाम तेव्हां पुरें झालेलें नव्हतें. पुढें दोन वर्षें झुंजून 1739 च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, हें आपण सर्व जाणतां.

आपण शाळेंत वसईचे सुरुंग आणि तटावरील हल्ले वाचतों, आणि तें योग्यच आहे. परंतु होडींत बसून त्या कांठाकडे पाहतांना मला एक वेगळाच विचार सुचला. घाटावरून उतरलेल्या फौजेला डोंगर नवे नव्हते. नवें होतें तें हें पाणी. चिखल कोठें पोटरीइतका आणि कोठें कमरेइतका, उतार कोणत्या प्रहरीं मिळेल, काळोखांत तिवरांतून होडी कोठें लागेल, हें बखरकाराला लिहून ठेवण्याजोगें वाटलें नाहीं. पण तें ज्ञान ज्यांच्यापाशीं होतें त्या कांठच्या लोकांवांचून ही खाडी कोणत्याही फौजेला उतरतां आली नसती. तें ज्ञान कोठल्याही दप्तरांत नव्हतें. तें माझ्या बाळमित्रापाशीं आहे त्याच जातीचें होतें.

मराठ्यांनीं घेतलेलें ठाणें सदतीस वर्षांनीं इंग्रजांनीं घेतलें. 1774 च्या डिसेंबरांत त्यांनीं किल्ल्याला वेढा देऊन तो हल्ल्यानें जिंकला. कंपनीच्या आरमाराचा कमोडोर वॉटसन त्या वेढ्यांत प्राणांतिक जखमी झाला. 1782 च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या तिघांनींही एकाच जागेसाठीं रक्त सांडलें. आणि ती जागा सुपीक होती म्हणून नव्हे, तर ती वाटेवर होती म्हणून.

ही वाट मग ओस कां पडली? त्याचें उत्तर मला मुंब्र्याजवळ, पारसिकच्या डोंगराखालीं मिळालें. डोंगर अगदीं पाण्याजवळ येतो आणि त्याच्या पायथ्यानें आगगाड्या धडधडत जातात. 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी आली, याचा आपल्याला अभिमान आहे. एक वर्षानें, 1 मे 1854 रोजीं, ठाण्याची खाडी पुलानें ओलांडून आणि पारसिकचा डोंगर बोगद्यानें भेदून तोच मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. त्या दिवशीं कोणी खाडीला कुलूप लावलें नाहीं. भरती दुसऱ्या दिवशींही पाऊण तास मागें पडून आलीच असेल. परंतु ज्या उतारूला पूर्वीं तिथि पाहून निघावें लागे, त्याला आतां नुसतें घड्याळ पाहून निघतां येऊं लागलें. मग प्रवासी गेले. मागाहून मालही गेला. गवत, मीठ, भात, कौलें आणि रेती यांचे पडाव पुष्कळ वर्षें चालत राहिले. मुंब्र्याचें रेतीबंदर हें नांवच त्या व्यवहाराची साक्ष देतें. पुढें तेंही ओसरलें.

येथें पुन्हां माझ्या पुतण्याच्या कालव्याकडे वळतों. कारण त्याची कथा आरंभीं अगदीं अशीच आहे. 1761 मध्यें ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यानें आपल्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठीं कालवा खणविला. जेम्स ब्रिंडले हा त्याचा एंजिनियर. कोळशाचा भाव पडला, लोकांचे डोळे उघडले आणि दोन पिढ्यांत इंग्लंडभर कालव्यांचें जाळें पसरलें. कांठच्या पायवाटेनें घोडा चालावयाचा आणि त्याच्या दोरीला नौका! पुढें 1830 मध्यें लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला आणि कालव्यांचे दिवस भरत आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कित्येक कालवे गाळानें व शेवाळानें भरून गेले होते. तेथपर्यंत त्यांचें आणि आमचें दैव एकच.

फरक पडला तो पुढें. 1939 मध्यें एल. टी. सी. रोल्ट नांवाचा एक एंजिनियर पत्नीसह 'क्रेसी' नांवाच्या जुन्या लांकडी नौकेंत राहावयास गेला आणि कालव्यांतून हिंडला. त्या प्रवासाचें 'नॅरो बोट' हें पुस्तक 1944 मध्यें प्रसिद्ध झालें. तें वाचून रॉबर्ट आयकमन या गृहस्थानें रोल्टला गांठलें, आणि 1946 मध्यें जलमार्गांच्या रक्षणासाठीं एक संस्था उभी राहिली. 1948 मध्यें कालवे सरकारजमा झाले; कित्येक बुजविण्याचेंही घाटत होतें. परंतु गाळांतून, गवतांतून, मोडक्या जलद्वारांतून आपल्या होड्या हट्टानें नेणारे सामान्य लोक निघाले. ज्या वाटेनें कोणी जात आहे ती वाट बंद करणें सरकारला अवघड जातें, हें त्यांनीं ओळखलें होतें. आज त्या देशांत सुमारें 2000 मैलांचे कालवे एका विश्वस्त संस्थेच्या देखरेखीखालीं आहेत आणि माझ्या पुतण्यासारखा परदेशांतून आलेला तरुणही त्यांतून एकटा दिवसभर जाऊं शकतो. व्यापार परत आला नाहीं. परत आलीं तीं माणसें, आणि वाट वांचली.

दिवा मागें टाकून डोंबिवलीच्या मोठागांवावरून पुढें जाईपर्यंत ऊन्ह चांगलेंच तापलें होतें. पाण्याचा रंग आणि वास या दोहोंविषयीं मी अधिक बोलत नाहीं. कांठच्या कारखान्यांनीं आणि शहरांनीं काय सोडून दिलें आहे, तें नाकाला सांगावें लागत नाहीं. इतक्या लांबच्या वाटेंत मला पांच होड्या दिसल्या. तिघींत मासेमारीचीं जाळीं होतीं आणि दोघी कांठाला बांधलेल्या होत्या. एका होडींतील म्हाताऱ्यानें हाक मारून विचारलें, "कोन गांवचं तुमी?" मीं बाळकुम म्हणतांच त्यानें हात वर केला. दोन किनाऱ्यांमधली ओळख अशी अजून शिल्लक आहे.

दीडाच्या सुमारास दुर्गाडीचा बुरूज दिसूं लागला. कल्याण हें नांव घेतांना आपल्याला आज जंक्शनावरील गर्दी आठवते. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक नाविकानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथांत हें गांव बंदर म्हणून आलेलें आहे. थोरल्या सारगनाच्या काळीं तें व्यापाराला मोकळें होतें, पुढें संदनाच्या हातीं गेल्यावर तेथें अडवणूक होऊं लागली आणि तेथें शिरलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला रवाना होऊं लागलीं, असें तो सांगतो. ठाण्याच्या जकातीच्या पंधराशें वर्षें आधींची ही अडवणूक! कान्हेरीच्या लेण्यांतील कोरीव लेखांत कल्याणकरांच्या दानांचे उल्लेख आहेत. त्यांचा पैसा या पाण्यावर मिळविलेला होता. सहाव्या शतकांत कॉस्मस या प्रवाशानेंही पितळ, लांकूड आणि कापड यांसाठीं कल्याणची नोंद केली आहे. नाणेघाटानें देशावरचा माल खालीं यावयाचा आणि या खाडीनें तो समुद्राला लागावयाचा, अशी ती सांखळी होती.

आणि याच कांठीं शिवाजी महाराजांच्या आरमाराचा आरंभ झाला. 1657 मध्यें कल्याण-भिवंडी त्यांच्या हातीं आली आणि लवकरच येथें लढाऊ गलबतें बांधण्याचें काम निघालें. त्यासाठीं पोर्तुगीज कारागीर कामावर ठेविले होते. परंतु वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं आंतून फूस लावतांच ते काम टाकून निघून गेले. वसईकरांना एवढी धास्ती कां वाटावी? दुर्गाडीखालीं होडी बांधून बसलें कीं हा प्रश्न आपोआप सुटतो. येथें तयार झालेलें गलबत समुद्रावर न्यावयाचें तर तें ठाण्यावरून किंवा वसईवरून न्यावें लागणार, आणि दोन्ही ठिकाणीं तोफा पोर्तुगीजांच्या. ज्याच्या अंगणांतून आपली एकुलती एक वाट जाते, त्याच्या देखत आरमार बांधावयास काढणें याला केवढी छाती लागते! किल्ले घेणारा राजा पुष्कळांना दिसतो. पाण्याची वाट आपली असली पाहिजे हें ओळखणारा राजा त्या काळीं दुसरा कोणता होता?

दुर्गाडीच्या पायथ्याशीं बसून मीं भाकरी खाल्ली. वरच्या पुलावरून कल्याण-भिवंडी वाहतूक चालली होती; त्या हजारों माणसांतून खालीं कोणी पाहत असेल असें वाटलें नाहीं. अडीचाच्या सुमारास पाण्यावरचा पाचोळा जागच्या जागीं थबकला, क्षणभर घुटमळला आणि हळूंच समुद्राच्या दिशेनें सरकूं लागला. मीं दोर सोडला. इंग्लंडांतील माझ्या पुतण्याला परत फिरावयाचें असतें तर सकाळचीं सारीं जलद्वारें त्याला पुन्हां उघडावीं लागलीं असतीं. माझ्यासाठीं एकच दार उघडलें होतें, आणि तें उघडावयास मला उठावेंही लागलें नाहीं.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. ही वाट सरकारी कागदांतून पुसली गेलेली नाहीं. 2016 च्या कायद्यानें देशांतील 111 जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले, त्यांत कल्याण-ठाणें-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी व उल्हास नदी मिळून 145 किलोमीटरांचा मार्ग क्रमांक 53 म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे मी दिवसभर एका राष्ट्रीय महामार्गावरून प्रवास करीत होतों! कायद्यानें वाटेला क्रमांक मिळतो. पण वाटसरू मिळत नाहींत. जो समाज एखाद्या पाण्यावरून जात असतो, तो त्यांत घाण टाकणाराला प्रथम पाहतो, भराव टाकणाराला प्रथम हटकतो, तिवरें तोडणाराचें नांव त्याला ठाऊक असतें. जो समाज केवळ पुलावरून जातो, त्याला यांतलें कांहींच दिसत नाहीं. आणि न दिसणाऱ्या गोष्टीचें दुःखही कोणाला होत नाहीं. इंग्रजांचे कालवे मनुष्यकृत होते. बुजले असते तर पुन्हां खणतां आले असते. आमची खाडी कोणी खणलेली नाहीं. ती एकदां आटली, तर ती खणून देणारा एंजिनियर कोठून आणावयाचा?

परतीच्या वाटेवर सूर्य मावळला आणि जवळ जवळ त्याच सुमारास पूर्वेकडून पूर्ण चंद्र वर आला. पारसिकच्या पायथ्याशीं आगगाडीच्या खिडक्यांची उजळ माळ माझ्या शेजारून झपाट्यानें निघून गेली. काशेळीच्या पुलाखालून आलों तेव्हां साडेसात वाजून गेले होते. पाणी तळाला गेलें होतें आणि बाळकुमच्या कांठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. आतां होडी वर कशी काढावी या विवंचनेंत असतांनाच कांठावर विजेरी लुकलुकली. माझा मित्र गुडघाभर चिखलांत उभा होता. मीं त्याला येण्याची वेळ कळविली नव्हती. ती त्यानें पाण्यावरून काढली होती. त्यानें दोर झेलला, दोघांनीं मिळून होडी ओढून घेतली. त्याचे मुलगे आतां ठाण्यांत नोकऱ्या करतात आणि ही होडी त्याच्यामागें कोण चालवील, हें त्यालाही माहीत नाहीं. दिवसभरांत काय पाहिलें, असें त्यानें विचारलें नाहीं. पाय धुतां धुतां एवढेंच म्हणाला, "उद्याची भरती पाऊन तासान मागं हाय."

दुसऱ्या दिवशीं मीं पुतण्याला उत्तर लिहिलें. मजकूर थोडाच होता : "कोणी जातं का, असें तूं विचारलें होतेंस. काल एक जण गेला होता. तूं सुटीवर येशील तेव्हां पंचांग पाहून पौर्णिमेच्या सुमारास ये. होडींत दोघांपुरती जागा आहे."